लेडची पट्टी आणि सतरा सेक्शन

फार दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त आत्याच्या फोनचं. "तू म्हणे त्या वाचनालयाची वेबसाइट केलीस? अगं, चार पानं तर आहेत ती. त्यात तुझे एवढे महिने गेले कुठे?"

आत्याला फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देते. आमच्या ब्लॉगविश्वातल्या ज्या लोकांनी रात्री जागून ब्लॉगचं टेम्प्लेट बिघडवून घेतलं आहे, त्यांना यातलं दुःख लगेच कळेल. नातेवाइकांनी जरा सांभाळून घ्यावं.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आमच्या पट्ट्यातलं एक जुनं वाचनालय आहे. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण पुढे जी फजिती येणार आहे तिच्यातली बरीचशी माझीच आहे आणि त्यांना उगीच बट्टा नको. या वाचनालयाच्या वेबसाइटचे आजवर चार अवतार झाले. चौथ्याच्या वेळी मी जुनी फाइल उघडली, तेव्हा विहीर खणताना मातीचे थर दिसावेत तसे एकाखाली एक थर दिसायला लागले. वेबचा सगळा इतिहासच होता तो.

सगळ्यात खालचा थर २००३ चा. कार्यवाहांच्या भाच्याने केलेला. मजकूर शिवाजी फॉन्टमध्ये, वर "फॉन्ट डाउनलोड करा" असा लुकलुकणारा दुवा, आणि ज्याने तो केला नाही त्याला दिसायची नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. पानाची मांडणी टेबलात. प्रत्येक ओळीला वेगळा फॉन्ट टॅग: हा रंग, हा आकार, पुन्हा हा रंग, हा आकार. मथळ्याचा लाल रंग बदलून निळा करायचा तर बत्तीस ठिकाणी बदलायचा.

या दुखण्यावरचं औषध तेव्हा निघालेलं होतं, आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं इतकंच. होकून व्ह्यूम ली या नॉर्वेजियन माणसाने १० ऑक्टोबर १९९४ रोजी एक प्रस्ताव मांडला. तेव्हा तो सर्नमध्ये होता, म्हणजे जिथे टिम बर्नर्स-लीने वेब जन्माला घातलं तिथेच. प्रस्ताव असा की पानात मजकूर काय आहे ते एका जागी लिहावं आणि तो दिसावा कसा ते दुसऱ्या जागी. पुढे बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि १७ डिसेंबर १९९६ ला सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. यातला "कॅस्केड" म्हणजे धबधबा. नियम वरून खाली पडत येतात, एका नियमावर दुसरा पडतो, आणि शेवटी जो टिकेल तो खरा. ऐकायला फार सुंदर. प्रत्यक्षात धबधब्याखाली उभं राहून पाहा.

दुसरा थर माझा, २००९ चा. या थराबद्दल मला आजही थोडा अभिमान आणि पुष्कळ लाज वाटते. तोवर "सीएसएस झेन गार्डन" पाहून मी वेडी झाले होते. डेव्ह शे याने २००३ मध्ये काढलेली ती जागा. एकच एचटीएमएलचं पान, त्यातलं एक अक्षरही न बदलता लोकांनी नुसती सीएसएसची फाइल बदलून त्याला अनेक रूपं दिली होती. कधी समुद्र, कधी जपानी बाग, कधी सर्कशीची जाहिरात. आमच्या पिढीचं ते पंढरपूर! मजकूर आणि रूप यांची सोवळ्याइतकी कडक फारकत. क्लासचं नाव नेहमी अर्थावरून द्यायचं, दिसण्यावरून कधीही नाही. "लाल-मथळा" असं नाव देणारा माणूस आम्हाला अडाणी वाटायचा. "महत्त्वाची-सूचना" म्हणावं, म्हणजे उद्या तिचा रंग हिरवा झाला तरी नाव खोटं पडत नाही.

मग मी फॉन्ट टॅग सगळे उपटून काढले, मजकूर युनिकोडमध्ये आणला (बरहात टाइप करून, आठवतंय ना?) आणि एक देखणी स्टाइलची फाइल लिहिली. सूचना, नवी-पुस्तके, सभासद-यादी अशी अर्थपूर्ण नावं. इंटरनेट एक्सप्लोरर ६ साठी वेगळ्या क्लृप्त्या. कार्यवाह खूश, मी खूश.

पण मग झालं असं, की "नवी-पुस्तके"ची चौकट कार्यवाहांना आवडली. ती त्यांना दिवाळी अंकांसाठी हवी झाली. दिवाळी अंक म्हणजे नवी पुस्तकं नव्हेत, पण चौकट तीच हवी म्हणून मी तोच क्लास लावला. मग दिवाळी अंकांच्या चौकटीला थोडा पिवळा रंग हवा झाला. म्हणून "नवी-पुस्तके-दिवाळी". मग वर्गणीच्या तक्त्याला तीच चौकट, फक्त पिवळी नको. अर्थावरून ठेवलेली नावं तीन वर्षांत इतकी खोटी पडली की वर्गणीचा तक्ता "नवी-पुस्तके-दिवाळी-साधी" या नावाने नांदत होता. हे मी स्वतः केलं आहे, दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

तिसरा थर २०१४ चा. मी नोकरीत बुडाले होते, तेव्हा एका कॉलेजच्या मुलाने वेबसाइट मोबाइलवर नीट दिसावी म्हणून माझ्या फाइलीच्या वर बूटस्ट्रॅप आणून ठेवलं. ट्विटरमधल्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी ऑगस्ट २०११ मध्ये खुलं केलेलं ते तयार सामान: तयार बटणं, तयार मेनू, तयार चौकटी. लग्नाच्या हॉलवर मिळणाऱ्या मंडपासारखं. लवकर उभं राहतं आणि सगळ्यांच्या लग्नात सारखंच दिसतं. त्या मुलाने माझी फाइल काढून टाकली नाही. का नाही, ते मी त्याला पुढे विचारलं. तो म्हणाला, "ताई, कुठला नियम काढला की काय मोडेल ते कळत नव्हतं. भीती वाटली." म्हणून त्याने आपले नियम खाली जोडले आणि जिथे माझे नियम ऐकेनात तिथे पुढे "इम्पॉर्टंट" लावून दटावलं.

"भीती वाटली" हे मला फार लागलं. चांगल्या घरातला, हुशार मुलगा. मी इतक्या मनापासून लिहिलेल्या फाइलीला तो घाबरला होता. आणि खरं सांगू? २०२३ मध्ये मी स्वतः ती उघडली, तेव्हा मीही घाबरले.

ही भीती जगभर पसरलेली होती हे मला उशिरा कळलं. निकोल सुलिव्हन २००९ च्या सुमारास सांगू लागली होती की नियम पानागणिक लिहू नका, पुन्हा पुन्हा वापरता येतील असे सुटे तुकडे करा. याहूमध्ये काम करणाऱ्या तिएरी कोब्लेंट्झने ऑक्टोबर २०१३ मध्ये एक लेख लिहून थेट सोवळ्यालाच हात घातला. त्याचं म्हणणं, रूप बदलताना मजकुराचं पान बदलावं लागत नाही हे झेन गार्डनात खरं, धंद्यात नाही. तिथे दोन्ही बदलावीच लागतात. मग एका क्लासने एकच बारीक काम करावं: एक नुसतं समास देईल, एक नुसता रंग. २०१४ मध्ये अ‍ॅडम मोर्सचं टॅकिऑन्स याच वाटेने आलं. लोकांनी नाकं मुरडली. मीही मुरडली होती.

मग अ‍ॅडम वॉदन. हा लॅराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्कच्या गोतावळ्यातला कॅनडातला माणूस. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याने एक लांबलचक लेख लिहिला. त्याचा गाभा मला आजही पटतो. तो म्हणतो, फारकत झाली की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे, कोण कोणावर अवलंबून आहे ते विचारा. अर्थावरून नावं दिलीत तर सीएसएस पानावर अवलंबून राहते, पान बदललं की तिला बदलावं लागतं. सुटे तुकडे केलेत तर पान सीएसएसवर अवलंबून राहतं, आणि ती तशीच राहते. हा माणूस आपला एक प्रकल्प लोकांसमोर थेट लिहून दाखवायचा, आणि बघणारे प्रकल्पाचं सोडून "ती सीएसएस कुठली?" हेच विचारायचे. तेव्हा ती बाजूला काढून १ नोव्हेंबर २०१७ च्या सुमारास त्याने टेलविंड या नावाने खुली केली.

आता आत्यासाठी: टेलविंडमध्ये क्लासचं नाव "पी-४" म्हणजे आतून चार मापं जागा. "टेक्स्ट-सेंटर" म्हणजे मजकूर मध्ये. बस्स. चौकट पुस्तकांची, अंकांची की वर्गणीची याच्याशी त्या नावाला काही देणंघेणं नाही.

तुम्ही म्हणाल, ही काय नावं झाली? तर आपल्या उल्हासनगरकडे पाहा. दुसऱ्या महायुद्धातला लष्कराचा कल्याण कॅम्प. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना त्या बराकींमध्ये आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि गावाला सुंदर अर्थपूर्ण नाव मिळालं. पण माणसं राहिली कॅम्प एक ते पाचमध्ये. पत्ता बराक नंबरचा. आजही रिक्षात बसून "सतरा सेक्शन" म्हटलं की रिक्षावाला मान हलवतो. त्या नावात कसलाच अर्थ नाही, म्हणून ते खोटंही पडत नाही. उलट आमचं बदलापूर. इथे म्हणे घोडे बदलायचे म्हणून बदलापूर. गोष्ट ऐकायला छान आहे, पण घोडे गेले, नाव राहिलं, आणि आता बदलायची ती फक्त लोकल, तीही गर्दी असेल तर!

कार्यवाहांना मी हे टेलविंड दाखवलं, तेव्हा ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, हे तर आमच्या भाच्याचंच झालं की! प्रत्येक ओळीवर रंग नि आकार. वीस वर्षांनी फिरून तिथेच आलीस?"

प्रश्न अगदी बरोबर होता आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं. ते मिळालं अण्णाकाकांकडून.

अण्णाकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांनी तरुणपणी गिरगावातल्या एका छापखान्यात कंपोझिटर म्हणून खिळे जुळवले. त्यांना मी एकदा टेलविंडच्या नावांची यादी वाचून दाखवत होते. त्यात ओळींमधलं अंतर ठरवणारा क्लास आला, "लेडिंग". मी तो "लीडिंग" असा वाचला. अण्णाकाका म्हणाले, "लीडिंग नव्हे गं, लेडिंग. लेड म्हणजे शिसं. दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी सारायचो आम्ही, ती लेड."

मी दोन मिनिटं गप्पच बसले. एका कॅनेडियन माणसाने २०१७ मध्ये लिहिलेल्या क्लासच्या नावात गिरगावच्या छापखान्यातली पट्टी निघाली.

मग त्यांनी सगळं सांगितलं. लेड एका पॉइंटची, दोन पॉइंटची, तीन पॉइंटची, अशा ठरावीक जाडीची यायची. दोन ओळींत सव्वादोन पॉइंट जागा हवी असं कुणाच्या मनात आलं तरी उपयोग नाही, तशी पट्टी केसमध्ये नाहीच. शब्दांमधल्या स्पेसचंही तेच. खिळा संपादकीयाचा की मृत्युलेखाचा हे खिळ्याला माहीत नसतं. फर्मा छापून झाला की सोडवायचा आणि खिळे, पट्ट्या पुन्हा आपापल्या घरात.

कार्यवाहांना द्यायचं उत्तर हेच होतं. भाच्याच्या फॉन्ट टॅगमध्ये मनाला येईल तो रंग आणि मनाला येईल तो आकार चालत होता. टेलविंडमध्ये केसमध्ये असतील त्याच पट्ट्या. शिवाय फॉन्ट टॅगला छोट्या पडद्यावर वेगळं दिसणं किंवा बोट ठेवल्यावर रंग बदलणं जमत नव्हतं, या तुकड्यांना जमतं.

आणखी एक गोष्ट, जी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते. २००९ मध्ये मला कुणी हे टेलविंड आणून दिलं असतं तरी ते चाललं नसतं. तेव्हा वाचनालयाची चाळीस पानं म्हणजे चाळीस वेगळ्या फाइली होत्या. प्रत्येक चौकटीवर पंधरा क्लास लिहायचे तर ते चाळीस ठिकाणी, म्हणजे खरोखरच भाच्याचं राज्य. सुट्या तुकड्यांची पद्धत परवडायला लागली ती फ्रेमवर्कमुळे. जँगो घ्या. कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेलं आणि जुलै २००५ मध्ये खुलं झालेलं पायथनचं फ्रेमवर्क. त्यात पुस्तकाच्या चौकटीचा साचा एकदाच एका फाइलीत लिहायचा आणि हवा तिथे "इन्क्लूड" करायचा. पंधरा क्लास असोत की पन्नास, ते एकाच जागी. पुनरावृत्ती टाळण्याचं जे काम आम्ही सीएसएसच्या गळ्यात मारलं होतं, ते साच्यांनी उचललं. दोन वेगळ्या वाटा बारा-पंधरा वर्षांनी एका नाक्यावर भेटल्या.

पुढे फ्रेमवर्कवाल्यांनी टेलविंडला घरातच घेतलं. सप्टेंबर २०२० च्या लॅराव्हेल ८ ने आपली तयार पानं टेलविंडवर आणली, डिसेंबर २०२१ च्या रेल्स ७ मध्ये नवा प्रकल्प काढतानाच ते मागता येऊ लागलं, फेब्रुवारी २०२३ च्या फीनिक्स १.७ मध्ये तर न मागताच मिळू लागलं. जँगो मात्र अशा बाबतीत बाजू घेत नाही. ते म्हणतं, तुमचं तुम्ही बघा. आणि आमची पुस्तकसूची जँगोत होती.

तर जोडणी. आत्या, तुझे महिने इथे गेले.

सुरुवातीच्या टेलविंडची अडचण ही होती की सगळ्या पट्ट्या, सगळे खिळे एकदम तयार करून ठेवायचे, मग फाइल काही मेगाबाइटची व्हायची, आणि न वापरलेलं दुसऱ्या अवजाराने छाटावं लागायचं. मार्च २०२१ मध्ये त्यांनी उलटा विचार केला: आधी पानं वाचायची, त्यांत जे क्लास सापडतील तेवढेच ओतायचे. डिसेंबर २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत तीच रीत कायम झाली. त्याच महिन्यात नोड न लागणारं एकच सुटं अवजारही त्यांनी दिलं, आणि आमच्यासारख्या पायथनवाल्यांचं फावलं. ते खाली उतरवायचं, कुठल्या फाइली वाचायच्या ते त्याला सांगायचं आणि एका खिडकीत जँगो, दुसऱ्या खिडकीत हे, असं चालू ठेवायचं. तयार फाइल जँगोच्या स्टॅटिक फोल्डरात.

इथे मी दोनदा आपटले. पहिल्यांदा, अर्ज भरायच्या रकान्यांना रूप येईना. माझ्या संगणकावर आलं, सर्व्हरवर गायब. दोन रात्री गेल्या. जँगोत अर्जाच्या रकान्यांचे क्लास पुष्कळदा पायथनच्या फाइलीत लिहिलेले असतात, आणि मी टेलविंडला फक्त साच्यांचं फोल्डर वाचायला सांगितलं होतं. घरच्या संगणकावर चाललं, कारण तिथे आधीच्या प्रयोगातली जुनी फाइल पडून होती. दुसऱ्यांदा, पुस्तक शिल्लक असेल तर हिरवं, बाहेर गेलं असेल तर लाल, यासाठी मी साच्यात रंगाचं नाव तुकड्यातुकड्याने जोडलं: "टेक्स्ट", मग रंग, मग आकडा. टेलविंड तर पान नुसतं अक्षरशः वाचतं, साचा चालवून बघत नाही. त्याला तो जोडलेला शब्द कधी दिसलाच नाही. क्लासचं नाव अख्खं लिहावं लागतं. खिळा आहे तो, मोडून अर्धा वापरता येत नाही.

हे झालं आणि मला वाटलं सुटले. मग खरा मजकूर भरला. मराठी.

मोठ्या मथळ्यांची पट्टी टेलविंडच्या तिसऱ्या आवृत्तीत अशी बेतलेली आहे, की अक्षर जेवढं उंच तेवढीच ओळ. रोमन अक्षरांना ते शोभतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीतल्या "पुस्तकसूची"चा उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीत घुसला. लांब नाव एका ओळीत कापून पुढे तीन टिंबं देणारा क्लास लावला, तर त्याने अक्षरांचं डोकंच छाटलं. आणि "ट्रॅकिंग", म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवणारे क्लास. कुठल्याशा नमुन्यात छान दिसले म्हणून मी मथळ्याला लावले आणि शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर वेगळं लोंबायला लागलं. अण्णाकाकांना मोबाइलवर दाखवलं. ते इतकंच म्हणाले, "आमच्या फोरमनने हा फर्मा उचलून फेकला असता."

दोष टेलविंडचा म्हणता येत नाही. केस दुसऱ्या लिपीची होती, आणि मी ती न तपासता वापरायला घेतली. सुदैवाने केस बदलता येते. मी मापांच्या फाइलीत प्रत्येक आकाराबरोबरची लेड वाढवून घेतली. ट्रॅकिंगचे सगळे क्लास बंदच करून टाकले, म्हणजे पुढे कुणाला मोहसुद्धा व्हायला नको. अक्षर घेतलं मुंबईच्या एक टाइपचं मुक्ता. २०००च्या विंडोजबरोबर आलेलं र. कृ. जोशींचं मंगल ज्यांनी वर्षानुवर्षं पडद्यावर वाचलं आहे, त्यांना हे वाचताना किती मोकळं वाटतं ते सांगायला नको. (मंगलचे उपकार मोठे आहेत. ते नसतं तर हा ब्लॉगही नसता.)

मग आली सिंधी पुस्तकं. आमच्या पट्ट्यातलं वाचनालय, तेव्हा सिंधी कपाट असणारच. सिंधी भाषा १९६७ मध्ये आठव्या अनुसूचीत आली, पण ती लिहायची कशात, देवनागरीत की अरबी वळणाच्या लिपीत, हा वाद फाळणीपासूनचा आहे. कपाटात दोन्ही आहेत. जुने सभासद बावन्न अक्षरांची अरबी वळणाचीच वाचतात, आणि ती उजवीकडून डावीकडे. मी सगळीकडे "डावीकडे चार मापं समास" लिहून ठेवलेलं. सिंधी पानावर पुस्तकांची नावं उजव्या कडेला चिकटली आणि समास भलत्याच बाजूला. पण मार्च २०२३ च्या ३.३ आवृत्तीत "डावी-उजवी" ऐवजी "सुरुवात-शेवट" सांगणारे क्लास नुकतेच आले होते. एमएल च्या जागी एमएस. मराठीत सुरुवात डावीकडे, सिंधीत उजवीकडे, ब्राउझर आपलं आपण समजून घेतो. एक संध्याकाळ बसून सगळं बदललं. वाचनालयात रोज येणाऱ्या एका सिंधी आजोबांना ते पान दाखवलं. त्यांनी काही न बोलता बोटाने ओळ उजवीकडून वाचत नेली आणि मग एका पुस्तकाच्या नावातली माझी चूक काढली!

शेवटची फजिती गेल्या वर्षीची. जानेवारी २०२५ मध्ये टेलविंडची चौथी आवृत्ती आली. वेगवान, सुटसुटीत, सगळी मापं थेट सीएसएसच्या फाइलीतच. मी फेब्रुवारीत हौसेने चढवली. घरी सगळं झकास. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाईंचा फोन, "बटणं गेली हो." देवघेवीच्या टेबलावरचा संगणक विंडोज ७ चा. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, आणि चौथ्या आवृत्तीला किमान क्रोम १११ लागतो. नव्या पद्धतीने लिहिलेले रंग त्या जुन्या क्रोमला कळलेच नाहीत. बटणाची निळी पार्श्वभूमी गेली आणि त्यावरची पांढरी अक्षरं पांढऱ्यावर पांढरी उरली. बटणं जागेवर होती, दिसत तेवढी नव्हती. बाईंनी दुपारपर्यंत अंदाजाने दाबून काम चालवलं, धन्य त्यांची. संध्याकाळी मी निमूट ३.४ वर परत आले. एप्रिलमधल्या ४.१ ने जुन्या ब्राउझरांची थोडी सोय केली, पण मी पुन्हा हात लावलेला नाही. नवा संगणक येईल तेव्हा बघू.

आणि या जानेवारीत, २०२६ मध्ये, वॉदनने जाहीरपणे लिहिलं की त्यांच्या कंपनीतल्या अभियंत्यांपैकी ७५ टक्के लोकांना काढावं लागलं. टेलविंडचा वापर वाढतोच आहे, पण लोक आता त्यांच्या माहितीच्या पानांवर जात नाहीत, यंत्राला विचारून क्लास लिहून घेतात, आणि त्या पानांवरूनच तर कंपनीचा विकत घ्यायचा माल खपायचा. जगभर वापरलं जाणारं अवजार आणि सांभाळणारी माणसं मूठभर. वाचून मला आमचे कार्यवाह आठवले.

ते आता थकले आहेत. वेबसाइटचं काम एक अंबरनाथची मुलगी बघते, कॉमर्सची, प्रोग्रॅमिंग शिकलेली नाही. मागच्या दिवाळीत मी चार दिवस गावी होते, फोनला रेंज नव्हती. परत येऊन वेबसाइट उघडली तर वर दिवाळी अंक योजनेची नवी चौकट. पिवळी, वर्गणीचा तक्ता आत, मोबाइलवरही नीट. मी तिला विचारलं, कुणाकडून करून घेतलंस?

"मीच केली ना ताई. त्या पुस्तकांच्या चौकटीवरून उचलली नि रंगाचं नाव बदललं."

"बाकी काही मोडलं नाही?"

"का मोडेल?" ती म्हणाली.